नीळकंठ देवस्थळींचे दहा फोटो

भोपाळच्या अवधपुरीत कुणालाही विचारा, “फोटोवाले देवस्थळीजी कुठे राहतात?” लहान मूलसुद्धा हात धरून दारात आणून सोडेल. आणि खुद्द देवस्थळींना विचारा, भोपाळमधला सर्वांत चांगला फोटोग्राफर कोण, तर ते “मी” म्हणतील आणि शांतपणे चहाचा घोट घेतील. यात बढाई नाही बरं का. पाणी ओलं असतं, हे सांगताना आपण जेवढी बढाई मारतो, तेवढीच.

तेहेतीस वर्षं ते जवळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात फोटोग्राफर होते. तिथे फोटोग्राफरचं काय काम, असं पुष्कळांना वाटतं. अहो, कास्टिंगला तडा गेला, काढा फोटो. यंत्र तयार होऊन ट्रेलरवर चढलं, काढा फोटो. मंत्री आले, संत्री आले, काढा फोटो. आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्तीचे समारंभ. शाल, श्रीफळ, गळ्यात झेंडूचा हार, शेजारी ठेवणीतली साडी नेसलेली बायको. असे हजारभर समारंभ नीळकंठरावांनी टिपले असतील.

पण त्यांचा जीव त्या समारंभात नव्हता. “हार घातला की सगळी माणसं सारखी दिसतात,” असं त्यांचं मत. फिल्मच्या जमान्यात एका रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे. नीळकंठरावांनी सवय लावून घेतली होती की समारंभ चौतिसात उरकायचा. आणि दोन फ्रेम? त्या आदल्या दिवशीच वापरलेल्या असायच्या. निवृत्त होणारा माणूस ज्या मशीनवर आयुष्यभर उभा राहिला, तिथे हे आदल्या दिवशी जाऊन उभे राहायचे. “मेरी तरफ मत देखिए. काम कीजिए.” पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. तो माणूस कॅमेरा विसरला की क्लिक. साहेबांची परवानगी काढलेली होती. त्या फोटोची एक प्रत पाकिटात घालून ते त्या माणसाच्या हातात द्यायचे. पुढे डिजिटल आलं, छत्तिसाचा हिशेब संपला, तरी आदल्या दिवशीचा फोटो काही सुटला नाही.

आता या गोष्टीतली मेख ऐका. या हजार फोटोंपैकी एकाचीही प्रत नीळकंठरावांनी स्वतःजवळ ठेवली नाही. कागद कारखान्याचा, रसायन कारखान्याचं, मग फोटो माझा कसा? प्रत्येक निगेटिव्ह त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये जमा केली आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! अशी चूक करायला पक्का सरळ माणूस लागतो, येरागबाळ्याला ती जमायची नाही.

तर मागच्या महिन्यात क्षितिजा आली. जवळच्याच बाग सेवनिया वस्तीत वाढलेली, सव्वीस वर्षांची पोरगी. शहरातल्या फोटोग्राफरांशी गप्पा मारायच्या, त्यांचं आयुष्य, त्यांचं काम समजून घ्यायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि शेवटी सगळ्यांचं मिळून प्रदर्शन भरवायचं, असा तिचा उद्योग. तलावावरचे पक्षी टिपणाऱ्या एकाशी बोलून झालं होतं, लग्नात ड्रोन उडवणाऱ्या दुसऱ्याशीही. आता नीळकंठरावांची पाळी.

दोन तास ते बोलत होते. क्षितिजाचा चहा निवून गेला, तरी तिला भान नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “काका, एकदम जबरदस्त! आता बस, मला तुमचे दस फोटो पाहिजेत. प्रत्येक फोटोखाली तुमचं नाव लागेल. पुढच्या रविवारपर्यंत द्याल?”

“दहा काय, शंभर देतो!” नीळकंठराव म्हणाले.

क्षितिजा गेली. स्वयंपाकघरातून मनोरमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मूळच्या इंदूरच्या, बोलणं सरळसोट. “शंभर कुठून आणणार आहात? घरात तर एक नाही.”

“रेकॉर्ड रूम कशासाठी आहे?”

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते कारखान्यात गेले. गेटवरच्या शिपायाने उठून सलाम केला, छाती आणखी दोन इंच फुगली. दुपारी परत आले ते बुटांसकट खुर्चीत बसले. मनोरमाबाई समजल्या. बूट घालून घरात येणारा हा माणूस नव्हे.

“ओल लागली,” ते म्हणाले. “खोली बदलली तेव्हाच सगळ्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या होत्या. गठ्ठेच्या गठ्ठे. कॉम्प्युटरवरचंही काही उरलेलं नाही. पोरं बिचारी चांगली आहेत, शोध शोध शोधलं त्यांनी.”

मग थोड्या वेळाने, अगदी हळू: “मनू, माझ्या नावाचा एकही फोटो या जगात नाही गं.”

त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. प्रदर्शनाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण तेहेतीस वर्षांत कारखान्याच्या मासिकात त्यांचे फोटो छापून आले, खाली नाव मात्र कुणाचंच नसायचं. एकदा, फक्त एकदा, आपण काढलेल्या फोटोखाली आपलं नाव बघायचं होतं त्यांना. ते आता हुकणार, आणि वर त्या पोरीसमोर तोंडघशी पडायचं.

पण नीळकंठराव म्हणजे नीळकंठराव. रात्री पोटभर जेवले, सकाळी स्कूटर काढली. फोटो लोकांना वाटलेत ना, मग लोकांकडून आणू! पहिल्या घरी निवृत्त फोरमन म्हणाले, “अरे देवस्थळीजी, वो फोटो? घर बदललं तेव्हा कुठेतरी गेला.” दुसऱ्या घरी मोठ्या कौतुकाने आणून दाखवला तो हार-श्रीफळाचा. तिसऱ्याने तर विचारलं, “असा फोटो काढला होता तुम्ही माझा?” आता काय म्हणावं या माणसाला! नीळकंठराव तिथून पाणीही न पिता उठले. ज्या फोटोसाठी आपण अर्धा अर्धा तास ताटकळलो, त्याची ही किंमत? दोन दिवसांत चौदा घरं झाली, हाती शून्य.

“तुम्ही चुकीच्या घरी जाताय,” मनोरमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

“म्हणजे?”

“माणूस गेला की तुम्ही सरळ स्मशानात जाता आणि आंघोळ करून घरी येता. भेटायला मला पाठवता. मी पाहिलंय ना. काशिनाथ भावजींचा भिंतीवर आहे, वेल्डिंग करतानाचा. इंदुमतीच्या सासऱ्यांचा आहे, सुधाताईंकडेही आहे. चंदनाचा हार घातलेला. जिवंतपणी सगळे तो हाराचा फोटो मिरवतात. माणूस गेल्यावर घरचे शोधून शोधून तुमचाच बाहेर काढतात.”

नीळकंठरावांच्या हातातला पेपर खाली आला. दुःखाच्या घरी जायला त्यांना भीती वाटायची, हे खरं होतं. काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून ते टाळायचे. आता तिथेच जायचं होतं, तेही काही मागायला.

“तू चल बरोबर,” ते म्हणाले.

क्षितिजालाही बोलावून घेतलं. तिला सगळं खरं सांगून टाकलं, निगेटिव्ह गेल्या, प्रती नाहीत, शंभर म्हणालो ती फुशारकी होती. क्षितिजा हसली नाही, म्हणाली, “काका, मी पण येते. मला हेच रेकॉर्ड करायचंय.”

कमलवहिनींचं घर शेजारच्या गल्लीत. त्यांचे यजमान काशिनाथ कारखान्यात वेल्डर, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. समोरच्याच भिंतीवर फोटो. काशिनाथ गुडघ्यावर बसलेला, मुखवटा कपाळावर सारलेला, नुकत्याच घातलेल्या सांध्याकडे डोळे बारीक करून बघतोय. आपलं काम आपल्याला पसंत पडल्याचं थोडंसं हसू. नीळकंठरावांना तो दिवस लख्ख आठवला. चाळीस मिनिटं लागली होती.

“वहिनी, एक विनंती आहे,” त्यांनी घसा साफ केला. “फोटो दोन दिवस उसना पाहिजे होता. प्रत काढून आणून देतो.”

“नाही,” कमलवहिनी म्हणाल्या. “राग मानू नका भाऊजी. पण तो खाली नाही उतरवायचा.”

नीळकंठरावांना आणखी मागवेना. मग कमलवहिनीच बोलू लागल्या. “चौतीस वर्षं मी यांचा डबा भरला. सकाळी गेटपर्यंत गेलेले दिसायचे, संध्याकाळी गेटातून आलेले दिसायचे. आत काय करतात, ठाऊक नाही. विश्वकर्मा पूजेला आम्हा बायकांना आत न्यायचे, पण त्या दिवशी सगळी मशिनं बंद, फुलं वाहिलेली, आणि हे पांढरा शर्ट घालून लाडू वाटताहेत. घरी हे साधे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला वाटायचं, तिथेही असेच असणार. मग ते तुमचं पाकीट आलं. मी बघतच राहिले. म्हटलं, हा कोण ऐटदार माणूस? यांना काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं हो! तुम्ही दाखवलंत. आता एक दिवसही तो भिंतीवरून हलला तर मला चैन पडायचं नाही.”

क्षितिजाने डोळे पुसले. नीळकंठराव उठले, भिंतीपाशी गेले, काचेकडे तिरकं बघितलं, खिडकीकडे बघितलं. आणि एकदम त्यांचा आवाजच बदलला.

“वहिनी, फोटो राहू दे तिथेच. तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या राहा. नाही, साडी बदलायची नाही. आहात तशाच. क्षितिजा, तो पडदा ओढ. अर्धा! अर्धा म्हटलं मी. आता ही चादर धर, काचेवर उजेड येतोय. वर. आणखी वर. हात दुखतोय? दुखू दे. वहिनी, माझ्याकडे बघायचं नाही. तुमच्या सवयीचं काय असेल ते करा.”

कमलवहिनींनी जरा विचार केला आणि रोजच्याप्रमाणे पदराने काच पुसायला लागल्या. नीळकंठराव आपला जुना कॅमेरा घेऊन फरशीवर बसले. सहासष्ट वर्षांचे गुडघे, पण तक्रार नाही. मग ते चक्क आडवे झाले. एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. खोलीत कुणी आहे की नाही, याची त्यांना शुद्ध नव्हती.

मनोरमाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर पोह्यांची बशी घेऊन बसल्या होत्या. चमचा हातातच राहिला. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर “चालेल गं” म्हणणारा, दुकानदाराशी घासाघीस करायला बायकोला पुढे करणारा हा माणूस इथे सगळ्यांना हुकूम सोडत होता, आणि सगळे ऐकत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, टेबलावरचा क्षितिजाचा मोबाइल उचलला आणि कुणी न शिकवता जमला तसा समोर धरला.

त्यानंतर चार दिवसांत आठ घरं झाली. कुठे नातू फोटोखाली गृहपाठ करतोय, कुठे सून उदबत्ती लावतेय, सुधाताईंच्या घरी तर भिंतीवर लेथ मशीनवर वाकलेले दादा आणि खाली अगदी तसाच वाकून मिक्सर दुरुस्त करणारा मुलगा. एकाही घरातून नीळकंठरावांनी फोटो उतरवला नाही. कुणी नाही म्हटलं नाही, उलट जेवूनच जा म्हणाले. दुःखाच्या घरी काय बोलायचं हा प्रश्न त्यांना पुन्हा पडला नाही, कारण बोलायचं काम घरचे करत होते आणि हे आपले उजेड बघत होते.

शनिवारी संध्याकाळी क्षितिजाने लॅपटॉप उघडून नऊ फोटो ओळीने लावले. प्रत्येकाखाली लिहिलेलं, छायाचित्र: नीळकंठ देवस्थळी. ते नाव त्यांनी नऊदा वाचलं. “बरे आलेत,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं.

“काका, आणखी एक पाहिजे. उद्या सकाळी एका घरी जाऊया?” क्षितिजा मोबाइलमधले फोटो मागे सरकवत होती. मध्येच थांबली. “अरे, हा कुणी काढला?”

पडद्यावर नीळकंठराव फरशीवर आडवे पडलेले. फोटो तिरका. खिडकीचा उजेड नको तिथे आलेला. डाव्या कोपऱ्यात एक जाडसर गुलाबी बोट. पण त्या सगळ्यामधून नीळकंठरावांचा चेहरा दिसत होता, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट आणि जगात दुसरं काहीच नसल्यासारखी नजर.

“मी काढला,” मनोरमाबाई म्हणाल्या. “वाईट आलाय, ठाऊक आहे मला. काढून टाका.” आणि मग त्यांना राहवलं नाही. “अहो, पण तुम्ही कामावर असे असता होय? बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मला कुणी पाकीट दिलं नाही. किती छान दिसता हो तुम्ही!”

नीळकंठरावांनी मोबाइल हातात घेऊन तो फोटो डोळ्यांजवळ धरला. एरवी असा फोटो कुणी दाखवला असता तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

“दहावा हा,” ते म्हणाले.

“पर काका, नियम आहे ना. दहाच्या दहा तुमचेच पाहिजेत.”

“मग माझे नऊच लाव. याच्याखाली लिही, छायाचित्र: मनोरमा देवस्थळी. स्पष्ट अक्षरात.”

क्षितिजाने मान डोलावली. तिने फोटो मोठा केला. “ठीक आहे. फक्त कोपऱ्यातलं हे बोट तेवढं कापते, एक मिनिट लागेल.”

“खबरदार!” नीळकंठराव ओरडले. “त्याला हात लावायचा नाही. तिचं आहे ते.”