होडी बुडायला पाहिजे

आमच्या रेवदंड्याच्या शाळेतले गणिताचे गुरुजी शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यालाही 'बरं' एवढाच शेरा देतात. मी कायम शेजारच्या वर्गावर, पण 'छान' हा शब्द भिंतीपलीकडून कधी ऐकू आलेला नाही.

शाळेला टॅब मिळाले, त्यात पाढ्यांचा खेळ होता. उत्तर बरोबर आलं की होडीत पापलेट पडतं, चुकलं तर एक गोड आवाज म्हणतो, "छान प्रयत्न केलास! पुन्हा कर बघू." गुरुजी भडकले. "बाई, पाढा चुकला की होडी बुडायला पाहिजे! चुकल्यावर कसली शाबासकी?" टॅब कपाटात गेले.

परवा शाळा सुटल्यावर विसरलेला डबा घ्यायला मी परत आले. गुरुजी मुलांच्या बाकावर अंग चोरून बसले होते, हातात टॅब. पडद्यावर सात आठे विचारलं होतं. झोपेतही पाढा न चुकणाऱ्या गुरुजींनी चौपन्न दाबलं.

"छान प्रयत्न केलास!"

मग त्रेपन्न दाबलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

मला पाहताच त्यांनी टॅब कपाटात टाकून कुलूप लावलं.

"पोरांच्या हातात नकोच हे, बाई," ते म्हणाले. "सवय लागते."