अख्खं फूल

आमच्या तेकोआनापा गावात अंबाडीचं लाल बोंड, ज्याला आम्ही फूलच म्हणतो, सोलायला सगळ्यांनाच येतं. पण अख्खं सोलायचं ते ओतिलियानेच. देठाकडून पत्र्याची बारीक नळी घुसवायची, आतली बी वर ढकलून काढायची, आणि लाल पाकळ्या एकमेकींना धरून राहिल्या पाहिजेत. दिवसाला चारशे. मी तिचा शेजारी. आयुष्यभर गोणी उचलल्या, पण मला चाळीसही जमली नाहीत.

बाहेरदेशच्या स्वस्त फुलाने आमचा भाव पाडला. तिचा मुलगा रुतिल्यो म्हणाला, "आई, यंदाचं शेवटचं. पुढे लिंबं लावू."

"आकापुल्कोचा तो दमियान घेतोय ना? त्याने नाही म्हटलं, की लाव."

दमियानचा त्या शहरात बार होता. टकीला, ग्रेपफ्रूटचा सोडा, लिंबू, मीठ. यांची पालोमा सगळेच बनवतात. त्याला ती लाल हवी होती, आणि उंच ग्लासात अख्खं फूल. पहिली गोणी गेली. आठवड्यात निरोप आला: फूल कडू आहे, परत न्या.

"बघ," रुतिल्यो म्हणाला.

"फूल आंबट असतं. कडू त्याने केलं असेल." ती सकाळच्या गाडीने निघाली. गोणी उचलायला मी बरोबर.

दमियानच्या शेगडीवर पातेलं खदखदत होतं.

"किती वेळ उकळतोस?"

"तासभर, मावशी. रंग उतरायला नको?"

"सोडा आधीच कडवट, त्यात हा काढा. गिऱ्हाइकांना ताप आलाय का?"

तिने मूठभर फुलं धुतली, गार पाण्यात टाकली, वर झाकण ठेवलं आणि स्टूल ओढून बसली.

"किती थांबायचं?"

"दुपारपर्यंत. घाई असेल तर माझ्या फुलाला नावं ठेवू नकोस."

ती दोनदाच उठली, दोन्ही वेळा ढवळायला.

दुपारी दमियानने त्या पाण्यात पालोमा केली. एक घोट घेतला, मग दुसरा. ग्लास तिच्यापुढे सरकवला.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"ते असंच असतं, मावशी."

"असेल."

परत न्यायला दाराशी ठेवलेली गोणी त्याने स्वतः उचलून आत नेली. "पुढच्या वर्षी दोन लागतील."

"एकच होते. हात दोनच आहेत."

जूनमध्ये रुतिल्योने अंबाडीसाठी सऱ्या पाडल्या. पहिली वाकडी गेली. तिने ती मोडून पुन्हा पाडायला लावली.