एका चापटीचा कबुलीजबाब

खातेनिहाय चौकशी मागे लागली की पोलीस फाइलबाईंचं दार ठोठावायचे. वकील होण्याआधी वीस वर्षं त्या पोलीस कार्यालयात कारकून होत्या. बडतर्फीचे आदेश टाइप करता करता, आधी शिक्षा ठरते आणि मग पुरावे गोळा होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वकिलीची सनद घेतली तेव्हा नवरा म्हणाला, "आता घरातही उलटतपासणी!"

एका सकाळी एक हवालदार बायकोला घेऊन आला. कोठडीतल्या भाजीवाल्याचा हात त्यानेच मोडला, असा आरोप होता.

"भाऊ, मारलंत का?"

"हात नाही मोडला, बाई. दुपारी मी कोर्टात कागद द्यायला गेलो होतो."

"मी हाताचं नाही विचारलं."

हवालदाराने मान खाली घातली. "सकाळी एक थोबाडीत दिली."

"मग तेवढं कबूल करायचं. अर्धं खरं घेऊन मी उभी राहत नाही."

बायको कळवळली, "अहो ताई, आपल्याच पायावर धोंडा कसा मारून घ्यायचा?"

"लपवलंत तर तोच धोंडा डोक्यात बसेल," फाइलबाई म्हणाल्या.

कोर्टाच्या आवक नोंदवहीची नक्कल मिळवायला त्यांनी अकरा खेपा घातल्या. तिथल्या कारकुनाने टोलवलं की त्या समोरच्या बाकावर ठाण मांडून बसायच्या. अखेर नक्कल मिळाली. दोन चाळीसला हवालदाराची सही होती, आणि हात मोडला होता अडीच ते तीनच्या दरम्यान. कोर्ट ठाण्यापासून अर्ध्या तासावर.

चौकशीत ठाण्याच्या साहेबांनी ठासून सांगितलं, "हा तेव्हा कोठडीपाशीच होता."

बाईंनी नक्कल पुढे सरकवली. "मग कोर्टात सही कोणी केली, साहेब?"

साहेब नक्कल उलटीपालटी करू लागले. तेवढ्यात हवालदार उभा राहिला आणि न विचारताच थोबाडीत दिल्याचं बोलला. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला भाजीवाला साक्षीला आला होता. तो म्हणाला, "हात मोडला तो साहेबांनी. पण याची चापटही मी विसरलेलो नाही."

हवालदाराची नोकरी वाचली, मात्र तो पुन्हा शिपाई झाला. साहेबांवर गुन्हा दाखल झाला.

महिन्याभराने तेच साहेब फाइलबाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "मारलंत का?"

साहेब उठून गेले.