केनियाचं राष्ट्रगीत आणि मंगळवेढ्याकडचं बारसं

दादाचा नैरोबीहून फोन आला, "बारसं गावाकडंच करायचं. आईला तू सांग." म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा. त्याने केनियाच्या ग्रेसशी लग्न केलं तेव्हा आई गेली नव्हती. सुनेशी ती अजून एक शब्द बोलली नव्हती, फोटो बघून फक्त म्हणाली होती, "उंच हाय." तरी बारशाला होकार आला. नात बघायची हौस की लोकलाज, कुणास ठाऊक.

तुम्हाला आमच्या गावाकडं जायचं असेल तर जानेवारीत जा आणि सोलापुरातून सकाळी लवकर निघा. मंगळवेढ्याला एसटी भरपूर आहेत. दादा-वहिनी सोलापुरात माझ्याकडे उतरले होते, सोबत तान्हं मूल आणि ढीगभर बॅगा, म्हणून गाडी केली. भाडं आधी ठरवा, परदेशी पाहुणी दिसली की ड्रायव्हर डॉलरमध्ये विचार करायला लागतो. बेगमपूरला भीमेच्या पुलाजवळ चहा घेतला. ग्रेसवहिनी म्हणाली, "आमची ताना नदी याहून मोठी आहे." मी विषय बदलला.

मंगळवेढ्यापुढे दोन्ही बाजूंना नुसती ज्वारी. गावात उतरलो, तर शाळेचे गुरुजी पोरांची रांग लावून तयार! त्यांनी मोबाईल स्पीकरला जोडला आणि केनियाचं राष्ट्रगीत सुरू झालं. ही चाल लागली की सावधान, असं त्यांनी गावाला आठवडाभर घोकवलं होतं. सगळे ताठ उभे, डायपरची पिशवी घेतलेला दादासुद्धा. आई तेवढी आत भाकऱ्या थापत राहिली. वहिनीचा चेहरा पडला. मला आईचा भयंकर राग आला, पण भाकरी आणि शेंगाचटणी समोर आल्यावर मी तो पुढे ढकलला.

दुपारी बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. बाळाच्या कानात कुर्र करून 'इरा' म्हटलं, बायकांचे पाठीत धपाटे खाल्ले, आणि इराने भोकाड पसरलं. बायकांनी येतील तेवढे पाळणे म्हटले. इराला एकही पसंत पडेना. आई वहिनीकडे न बघता पाळण्याची दोरी ओढत होती. शेवटी वहिनी वाकून हळू गुणगुणायला लागली. इराचे डोळे मिटत आले. तेवढ्यात गुरुजी ताडकन उभे राहिले. चाल ओळखीची होती ना! मागोमाग पोरं उठली, सरपंच उठले, पंगतीतले लोक खरकट्या हातांनी उठले. ताटांचा खडखडाट झाला आणि इरा परत सुरू.

"बसा की खाली!" आई कडाडली. "लेकरू निजाय लागलंय, आन् तुमी कवायत कसली करताय?"

गुरुजी दुखावले. "मावशी, राष्ट्रगीत हाय त्येंचं."

वहिनी हसत सांगू लागली, दादा मराठी करू लागला. तानाकाठी तिच्या पोकोमो लोकांच्या आया बाळांना निजवताना हीच चाल म्हणतात. देश स्वतंत्र व्हायच्या वेळी राष्ट्रगीतासाठी चाल हवी होती, तेव्हा जाणकारांनी हीच उचलली आणि स्वाहिलीत नवे शब्द बसवले. आधी देवाकडे देशासाठी आशीर्वाद मागायचा, मग सगळ्यांनी उठून कामाला लागायचं, असा अर्थ.

आईने जरा विचार केला. "निजवायच्या चालीवर उटा म्हनायचं? सरकार हितलं काय नि तितलं काय!"

मग पहिल्यांदाच वहिनीकडे बघून म्हणाली, "पुन्यांदा म्हण की गं."

वहिनीने म्हटलं. या खेपेला कुणी उठलं नाही. गुरुजी मात्र मांडी घालूनच सावधान होते. इरा झोपली.

दादा-वहिनी नैरोबीला गेले, मी सोलापूरला परतले. प्रवास झाला जेमतेम दीड तासाचा. हाती काय लागलं म्हणाल, तर डबाभर शेंगाचटणी आणि थोडी आशा. आई त्या दिवशी बोलली खरी, पण पाहुण्यांदेखत माणूस गोड वागतंच, असं मी मनाला बजावत होते.

परवा आईचा फोन आला. "ग्रेसला इचार, त्या गाण्यातली मधली वळ कशी हाय. मला तितंच अडतंय."

"तुला कशाला गं?"

"शेजारणीचा नातू लई रडतोय. तिला म्हनलं, थांब, आमच्या सुनेच्या म्हायेरचं गाणं हाय, म्हनून दावते."