मनकर्णाबाईची विमल जेवायला आली तो शुक्रवार

तुरीची डाळ अर्धी पाखडून झाली, अर्धी सुपातच आहे. हात चालत नाही. रोज वहीत आधी देवाचं नाव लिहिते, मग दिवसाचं. आज नाव लिहायची लाज वाटली, म्हणून मनकर्णाबाईचंच लिहायला घेतलं.

मनकर्णाबाई आमच्या गावच्या ओढ्याकाठी माळ्यांच्या मळ्यात राहते. वांगी, मिरच्या, मेथी लावते आणि टोपली डोक्यावर घेऊन धामणगावच्या बाजाराला जाते. नवरा गेल्यापासून मळा दिराच्या, हिंमतरावांच्या, हाती आणि घरात शब्दही त्यांचाच. तोंड मात्र तिचं कुणाच्या ताब्यात नाही. एकदा मी म्हटलं, वांगी किडकी दिसतात गं. तर म्हणाली, "किडीले गोड लागलं म्हनून बसली ना बाई, तुमाले काऊन वंगाळ लागते?"

तिला एकच लेक, विमल. बाई एकदा डोळे दाखवायला बुलढाण्याच्या दवाखान्यात गेली होती. ती हकीकत तिने मला किती वेळा सांगितली असेल! "तथी एक नर्सबाई होती. हातातली चिठ्ठी वाचे अन् मोठमोठ्या पटकेवाल्यांले म्हने, मांगं सरका! अन् ते सरकत बाई! म्या तवाच म्हटलं, माही विमल अशी झाली पाह्यजे."

हिंमतरावांनी एका वर्षाची परवानगी दिली. नापास झाली की शाळा बंद आणि लग्न. त्या दिवसापासून मनकर्णाबाईने विमलला एकदाही घरी ठेवलं नाही, मेथी खुडायलासुद्धा नाही.

आमचे हे इथल्या कौन्सिलच्या मिडल शाळेचे हेडमास्तर. शाळेत पाटलांची मुलं, कुणब्यांची, माळ्यांची, दुकानदाराचे दोघे भाऊ, एक मुसलमान मुलगा, वेशीबाहेरच्या वस्तीतले तिघे बाहेर ओट्यावर, आणि साऱ्या शाळेत मुलगी एकटी विमल. कापूस फुटला की अर्धे वर्ग शेतात जातात. मग निकाल कुठून लागणार? मागच्या तपासणीला डिप्टीसाहेबांनी चारचौघांत विचारलं, "हेडमास्तर, तुम्ही पोरं शिकवता की राखता?" ते यांच्या फार मनाला लागलं होतं.

म्हणून या वेळी यांनी कच्च्या मुलांच्या बापांना सांगून टाकलं, की शुक्रवारी, तपासणीच्या दिवशी, पोरं वेचणीला न्या. बापांना तेच हवं होतं. राहिली विमल. ती वाचते छान, हिशेबात मात्र रडते. हे मला म्हणाले, "तू शुक्रवारी कुमारिका जेवू घालतेसच. तिला बोलाव."

"देवीचं नाव असल्या कामाला?"

"जेवायलाच बोलावतेस ना? उपाशी तर ठेवत नाहीस?"

आणि मी गेले. मळ्यात उभी राहून आमंत्रण दिलं. मनकर्णाबाईने हातातलं खुरपं खाली टाकलं. "मास्तरच्या घरी माही पोरगी देवी म्हनून बसन?" मग खुरपं उचलत म्हणाली, "पन त्या दिवशी साहेब येऊन राह्यले ना? पोरगी कालधरून पाढे म्हनून राह्यली."

मी म्हटलं, "देवीचं बोलावणं परत करू नये." हे माझ्याच तोंडून निघालं, आणि आवाजही कापला नाही.

काल शुक्रवारी मायलेकी आल्या. विमलला नवा परकर, केसांना चोपडून तेल. मी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. आई उंबऱ्याशी बसून डोळे भरून पाहत होती. तपासणी दुपारपर्यंत चालेल असं यांनी सांगितलं होतं. पण निम्मी शाळा शेतात म्हटल्यावर ती लवकर आटोपली, आणि साहेबांचं जेवण आमच्याकडेच होतं. विमलची पोळी अर्धी झाली होती, तेवढ्यात दोघे दारात उभे.

साहेबांनी पाटाकडे पाहिलं. "तुमच्या शाळेतली मुलगी ती हीच का? मी मुद्दाम हिला पाहायला आलो होतो. तुम्ही तर म्हणालात, आजारी आहे."

मनकर्णाबाई पदर सावरत उठली. "बिमार? कोन बिमार? देवीनं जेवाले बोलावलं साहेब, म्हनून शाळा बुडाली. नाहीतं एक दिवस नाही बुडवत ती."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तुपाची वाटी धरून उभी होते. तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं.

"ऊठ विमल," ती म्हणाली. विमलने हात ताटातून उचलला. कुमारिका अर्ध्या जेवणातून उठते म्हणून मी कळवळले. आईनेच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बस. जेव. अन्नाचा काय कसूर हाय?"

साहेबांनी विमलला विचारलं, "हिशेब येतात?"

"चुकतात जी."

"माझेही चुकत." मग यांच्याकडे वळून म्हणाले, "हेडमास्तर, ही वर्गात बसून चुकली असती तर मला चाललं असतं." जेवायला ते थांबले नाहीत.

विमलने ताट स्वच्छ केलं. मी ओटी भरायला तांदूळ घेतले, तर मनकर्णाबाई म्हणाली, "राहू द्या, मास्तरीनबाई." रोज नुसतं बाई म्हणते.

आज सकाळी विमल शाळेत आली नाही. मनकर्णाबाई टोपली घेऊन आमच्या दारावरून गेली, हाक मारली नाही. मीच मारली, तेव्हा थांबली. "हिंमतराव म्हन्ते, मास्तरलेच पोरगी नको, तं आपुन कायले धाडा? सोमवारी पाहुने येऊन राह्यले तिले पाहाले."

यांना हे सांगितलं आणि म्हटलं, हिंमतरावांना जाऊन भेटा. साहेबांनी आमच्याकडे येण्याआधीच शेऱ्यात निकाल 'समाधानकारक' लिहिला होता. ते वाचून दाखवायला यांनी बोलावलं होतं मला, पण माझं ऐकल्यावर वाचलं नाही. म्हणाले, "मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

तोंड माझंही तेच आहे. पण तिला मी बोलावलं होतं, आणि सोमवार परवावर आला. पोरीत काही खोट नव्हती, आम्हीच तिला शाळेतून दूर ठेवलं, हे हिंमतरावांना सांगायला हवं.

आता मळ्यावर जाते, हिंमतरावांना भेटायला.