मामांच्या नाचासाठी माझी बोटं

फोड फुटलेल्या बोटांनी मी लाल मिरच्यांची देठं खुडली. मामांच्या मुलीच्या हळदीच्या दिवशी, भर सकाळी, तोंड हसरं ठेवून.

पण आधी मामा सांगायला हवेत. गेल्या तीस वर्षांत शहाद्याच्या आसपास मामांच्या बेस गिटारीवाचून एकही वरात हलली नसेल, हे मी पैजेवर सांगतो. पिकअप गाडीवरच्या बँडमध्ये ते केबिनला टेकून, जनरेटरशेजारी उभे असतात. तारा दाबून दाबून त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची पार खुरं झाली आहेत. त्या बोटांनी ते तव्यावरची भाकरी उलटतात, उकळत्या चहाचा ग्लास बुडाशी धरतात. मोबाइलला मात्र ती बोटं माणसाची वाटत नाहीत, म्हणून उजवा हात अडकलेला असला की मामा फोन नाकाने उचलतात. एकदा धडगावच्या एसटीत शेजारच्या बाईंना वाटलं, हा गृहस्थ फोनचा मुका घेतोय. त्या पुढचा सगळा घाट उभ्याने गेल्या.

एवढ्या वराती नाचवल्या, पण मामा स्वतः कधी नाचले नाहीत. "ढोल थांबना ते लोकं दम लेतस. बेस थांबना ते पायच थांबी जातस," असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या हळदीत मात्र त्यांना नाचायचं होतं. एकदाच. बँडमधल्या बाकी सगळ्यांचे हात आपापल्या वाद्यात अडकलेले, म्हणून बेस माझ्याकडे आला. कॉलेजात मी गिटार वाजवायचो, असं मीच सांगून बसलो होतो. खरं तर नुसती खांद्याला अडकवून फिरायचो.

मामांची शिकवणी साधी: दहा मिनिटं वाजवायचं, बोट हुळहुळलं की थांबायचं, पाण्यात बुडवायचं नाही, कातडी आपोआप घट्ट होते. "तार शे ती, सापनी मान नही. इतली काब्र दाबस?" म्हणत ते माझी पकड सैल करायचे. मी महिनाभर चालढकल केली आणि शेवटच्या आठवड्यात रोज चार-चार तास ताराच आवळल्या. डाव्या बोटांना फोड आले, फुटले. मामांना कळू नये म्हणून लपवले. त्यामुळे "भाचा, बस ना मिरच्या खुडाले," असं मामींनी म्हटल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही.

दुसऱ्याच मुठीला मी असा बोंबललो की हळदीची वाटी पालथी झाली.

मामांनी माझी बोटं पाहिली. रागावले नाहीत. गिटारीचा पट्टा स्वतःच्याच खांद्याला लावला. म्हणजे त्यांचा नाच गेला. ते मिरचीपेक्षा जास्त झोंबलं. मग काय वाटलं कोण जाणे, पट्टा काढला, माझ्या हाताला तेल चोळलं, साबणाने धुतला, आणि खुंट्या पिळून दोन तारा न दाबताच गाण्याच्या सुरात वाजतील अशा लावून ठेवल्या. "डावा हात खिसामा ठेव. उजवा आंगठा शे ना? तितलाच बस."

आणि नाच सुरू झाल्यावर जमलं! ही तार, ती तार, पुन्हा ही तार. काहीही दुखेना. हायसं वाटून मी पिकअपवर एकटाच हसत होतो. खाली मामा नाचत होते. गुडघे जमेल तसे, पण डावा हात हवेत, बोटं अजून नसलेल्या तारा दाबणारी. मामींनी तो हात धरून हळूच खाली घेतला. म्हणाल्या, "आते ते त्या तारा सोडा." मामांनी हात सैल सोडला. जरा वेळाने डोळे पुसले.

गाणं संपल्यावर हळदीने माखलेली नवरी पिकअपपाशी आली. मी ऐटीत विचारलं, "कसं वाजलं?"

"तू वाजाडी ऱ्हायंता का दादा? माले वाटनं, जनरेटर शे."