निवडणूक लागली की काका सुटतात

या देशात दर सहा महिन्यांनी निवडणूक व्हावी आणि तिची आचारसंहिता निदान तीन महिने चालावी असं मनापासून वाटणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो बदलापुरात आमच्या समोरच्या दारात राहतो. समोरच्या काकांचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही. आपल्या वॉर्डात कोण उभं आहे हे त्यांना मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर गेल्यावर कळतं. पण टीव्हीवर कुठलं सरकार डळमळायला लागलं की त्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी येते, आणि जिन्यात भेटले की ते हळूच विचारतात, "काय ताई, लागेल का हो मध्येच?" माझी शिवणाची मशीन दाराशीच असते, त्यामुळे जिन्यातली कुठलीच बातमी मला चुकत नाही. खरं सांगायचं तर शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. तरी या माणसाचं निवडणूकप्रेम समजायला मला दोन वर्षं लागली.

काका फौजेतून निवृत्त झालेले. उल्हासनगरात एका सोन्याचांदीच्या दुकानाच्या दारात दुनळी बंदूक घेऊन ते उभे असतात. ही बंदूक दुकानाची नाही, काकांची आहे. परवाना त्यांच्या नावावर, त्यामुळे जबाबदारीही त्यांचीच. रात्री शटर पडलं की दुकानाचं सोनं तिजोरीत जातं आणि बंदूक काकांबरोबर बदलापूरला येते. शेठ सिंधी, मोठा प्रेमळ माणूस. त्यानं कितीदा सांगून पाहिलं, "अरे काका साईं, करोड का माल रखते हैं तिजोरी में, एक तुम्हारी बंदूक भारी होती है क्या? रख दो, आराम से घर जाओ." काका म्हणत, तिजोरीची चावी तुमच्याकडे आणि परवाना माझ्याकडे, हे जमायचं नाही. शेठला हे कधीच पटलं नाही. आपल्यावर कोट्यवधींचा विश्वास टाकणारं गाव आहे आणि हा पगारी माणूस टाकत नाही, याचं त्याला आश्चर्य वाटायचं.

तर ही बंदूक घरी आणणं हा रोजचा सोहळा. दुकानातच ती उघडून दोनदा बघायची, काडतुसं काढून वेगळ्या कुलपाच्या पेटीत घालायची, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा करून सगळं कव्हरमध्ये. पेटी स्कूटरच्या डिकीत, कव्हर पाठीवर आडवं, परवाना बनियनच्या आतल्या खिशात. मग स्कूटर सुरू करायची ती थेट घरी येऊन बंद करायची. वाटेत पाय टेकले तर चालतील, पण गाडी स्टँडला लावायची नाही. भाजी घ्यायची नाही. ओळखीचं कुणी दिसलं तर मान हलवायची, बोलायचं नाही. एकदा पंक्चर झाली तेव्हा त्यांनी पाठीवरची बंदूक न काढता, टायरवाल्याच्या अंगावर सावली धरून, त्याचं काम संपेपर्यंत उभ्यानं पहारा दिला. टायरवाल्याला वाटलं गिऱ्हाईक संशयी आहे. पंपातली हवासुद्धा त्यानं घाबरत घाबरत भरली.

कव्हरमध्ये काय आहे हे काका सांगत नसत आणि खोटंही बोलत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "सामान आहे." त्यामुळे आमच्या सोसायटीत बरेच दिवस समज होता की काकांना एखादं वाद्य येतं. भजनी मंडळाचे अध्यक्ष एकदा त्यांच्या दारात येऊन, गुरुवारी तुमचं वाद्य घेऊन या, अशी गळ घालून बसले. काकांनी नम्रपणे सांगितलं की त्यांना ते सार्वजनिक ठिकाणी बाहेर काढायची परवानगी नाही. अध्यक्ष जिना उतरताना बायकोला म्हणाले, मोठ्या घराण्यातला दिसतो.

माझी आणि काकांची खरी ओळख झाली ती या कव्हरची चेन तुटली तेव्हा. जाड खाकी कापड, आत जुन्या नऊवारीचं अस्तर. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शिवलेलं. काकू मी इथं राहायला यायच्या आधीच गेल्या. मूलबाळ नाही. मी चेन बसवत होते तोवर काका माझ्या उंबऱ्यात पाठमोरे उभे. आत या, बसा म्हटलं तर नाही. समोर चार पावलांवर त्यांचं स्वतःचं कुलूप लावलेलं दार होतं आणि ते त्या कुलपावर नजर ठेवून होते. आत लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप, त्यात बंदूक. मी विचारलं, एवढी कुलपं आहेत, मग कसली काळजी? म्हणाले, "ताई, कुलूप साध्या माणसासाठी असतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस कुठंच जात नाही. काकू होत्या तोवर त्या घरी असायच्या, हे बाहेर पडायचे. त्या गेल्यावर घरात बंदूक एकटी पडली, आणि बंदूक एकटी ठेवायची नाही म्हणून काकाही घरात अडकले. कामावर गेले तर बंदुकीसह, घरी बसले तर बंदुकीसह. लग्न नाही, बारसं नाही, कुणाच्या दहाव्याला जाणं नाही. बंदूक घेऊन कुणाच्या घरी जायचं नाही, हाही नियम. तान्हं मूल पदरी असलेली बाईसुद्धा शेजारणीकडे मूल टाकून बाजारात जाऊन येते. काकांना तीही सोय नव्हती.

यातलं कायद्याचं किती आणि काकांचं किती, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता. माझ्याकडे वर्दी आवळून घ्यायला एक पोलीसबाई येते. तिला विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, परवाना जवळ हवा, बंदूक रिकामी आणि झाकलेली हवी, दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये, घरी नीट कुलपात हवी, एवढं झालं की झालं. "बाकीचे कायदे काकांनी घरी बनवलेत. आमच्या ठाण्यात सगळे ओळखतात त्यांना. निवडणूक लागली की निकालापर्यंत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मागं तशी जमा करायला आले, तर पावती लिहिणाऱ्यालाच त्यांनी सांगितलं, शस्त्र हातात असताना चहा पिऊ नये."

अर्थात जमा करून पावती हातात पडली की काकांचा अवतार बदलायचा. पाठ मोकळी, खांदे सैल. दुकानात तेवढे दिवस काठी घेऊन उभं राहायचं, आणि काठी कुणी नेली तर नेली. मग साचलेल्या भेटींचा सपाटा. दोन वर्षांपूर्वी वारलेल्यांच्या घरी ते समाचाराला जात आणि घरच्यांना पुन्हा रडावं की सरबत द्यावं ते कळत नसे. एकदा मला झबलं-टोपडं शिवायला सांगितलं, कुळगावातल्या कुणा पुतण्याला मुलगा झाला म्हणून. मी विचारलं, कधी झाला? तर मागच्या निवडणुकीनंतर लगेच. मी म्हटलं, काका, तो आता शाळेत जात असेल. म्हणाले, असू दे, पहिल्यांदा बघायला जाताना झबलं न्यायचं असतं. दार त्या मुलानंच उघडलं, गणवेशात. झबलं त्याच्या डोक्यावर टोपीसारखं घालून काका आले.

पण या सगळ्याच्या आधी, पावती खिशात टाकल्यावर पहिल्यांदा, ते अंबरनाथला अक्कांकडे जायचे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनंच यांना वाढवलं. तिचं बैठं घर काकांच्या रोजच्या रस्त्यावरच आहे. रोज दोनदा ते त्या घरावरून जात आणि रोज दोनदा आत न जाता जात. रात्री परतताना अक्का फाटकाशी उभी. काका स्कूटर चालूच ठेवून एक पाय टेकवणार, अक्का फाटकावरून स्टीलच्या पेल्यात चहा देणार, तो संपेपर्यंत दोघं बोलणार, न बोलण्याच्या नियमातून अक्का तेवढ्या सुटलेल्या, पेला परत. भाऊबीजेला तर दिवाळीची गर्दी, दुकानातून सुटका नाही. मग अक्का फाटकाच्या आतून आणि काका फाटकाबाहेर स्कूटरवर, पाठीवर बंदूक, डोक्यावर रुमाल, इंजिन धडधडतंय, असं औक्षण. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. एका बाईनं अक्कांना विचारलंसुद्धा, हे कुठल्या देवाचं आहे? अक्कांचे गुडघे दुखायचे, आमचे तीन जिने त्यांना चढवत नसत. त्यामुळे निवडणूक लागली की त्या घर सारवल्यासारखं पुसून काढत, तांदळाच्या भाकरी करत, आणि भाऊ आत येऊन, बूट काढून, पंख्याखाली फरशीवर आडवा होऊन घोरायला लागला की दार लोटून घेत. त्या माऊलीला निवडणूक म्हणजे माहेरपणच, फक्त माहेर चालत तिच्याकडे यायचं.

गेल्या खेपेला शेठनं घोळ केला. त्याच्या मनात काकांचं भलंच होतं. कुठूनतरी खटपट करून त्यानं सोन्याच्या दुकानाचं कारण देत काकांची बंदूक जमा करण्यातून सूट मिळवली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन बातमी दिली. काका तो पुडा माझ्या मशीनवर ठेवून घरात गेले. अक्कांनी तांदूळ दळून ठेवले होते. मग बंदूक काकांच्याच पाठीवर असताना एकामागून एक सगळ्या निवडणुका उरकल्या, वर्षानुवर्षं लांबलेली पालिकेचीसुद्धा, आणि आता पुढची काही वर्षं कुठलीच निवडणूक नाही असं झालं. आणि नेमक्या तेव्हाच अक्का न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा-सून दोघं नोकरीवर, दिवसभर घरात त्या एकट्या, पलंगावर. डॉक्टरांनी सांगितलं, वय बघता किती दिवस हे सांगता येत नाही.

चार-पाच दिवस काका अंबरनाथवरून तसेच जात राहिले. फाटकाशी आता कुणी नसायचं. मला ते बघवेना. मी म्हटलं, काका, बंदूक पाठीवर असू दे, जा आत, देव काही शिक्षा करत नाही. ते पाठीवरचं कव्हर सावरत घरात गेले. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. नियमापायी सख्खी बहीण टाकणारा माणूस, असं मी माझ्या नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी जिन्यात पावलं वाजली. काका वर आले. पाठ मोकळी होती. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "लागली का निवडणूक?"

"नाही," ते म्हणाले. "जमा करून आलो. आपणहून."

"आणि दुकान?"

"शेठ दुसरा गनमन बघतोय. चांगला माणूस आहे, रडला थोडा." मग घरातून पिशवी घेऊन बाहेर आले आणि कुलूप न लावता दार नुसतं ओढून घेत म्हणाले, "ताई, अक्काला बघायला गेलात तर एक करा. तिला सांगितलंय निवडणूक लागली म्हणून. नोकरी सोडली कळलं तर मला घरात घ्यायची नाही ती."

आठवड्यानं मी गेले, पडून घालता येईल असा पुढून उघडणारा गाऊन शिवून. अंगणात काकांची स्कूटर स्टँडला लावलेली होती. ती तशी उभी मी पहिल्यांदाच बघत होते. काका स्वयंपाकघरात आल्याचा चहा करत होते. अक्का पलंगावर, अगदी एवढीशी झालेली, पण डोळे तेच. त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, बदलापूरला प्रचाराचा फार त्रास असेल ना? मी म्हटलं, विचारू नका, भोंग्यांनी डोकं उठवलंय. खोटं बोलायला लागल्यावर मी थांबत नाही. मिरवणुका सांगितल्या, पत्रकं सांगितली, एक उमेदवार आमच्या जिन्यात पाया पडून गेल्याचंही सांगितलं. अक्का शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी माझा हात दाबला आणि आवाज खाली आणला.

"या खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो मला. आठ दिवसात एक भोंगा गेला नाही."

आतून कपांचा आवाज येत होता.

"यंदाची निवडणूक लांबलीय म्हणायची," अक्का म्हणाल्या. "लांबू दे."

काका तीन कप घेऊन आले. स्टीलचा पेला नव्हता, घरातले कानाचे कप होते. अक्कांनी मोठ्यानं बजावलं, मतदानाला मला उचलून न्यायचं बरं का, मागल्या वेळेसारखं विसरायचं नाही. काका म्हणाले, नेतो की. मग पलंगाशेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि चहा बशीत ओतून सावकाश प्यायला लागले.